हुंडा, दहा पौंड आणि दोना इग्नेझचे घर

काही महिने गेले की तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या गटावरही तो आला. त्याचा सारांश असा: पोर्तुगालच्या राजाने आपल्या मुलीच्या लग्नात मुंबईची सात बेटे हुंडा म्हणून इंग्लंडच्या राजाला दिली, त्या राजाला या ओसाड, बिनमालकीच्या जमिनीचे काय करावे ते कळेना, म्हणून त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आपल्या शहराची सुरुवात अशी एका लग्नाच्या देण्याघेण्यात झाली, असे सांगून मजकूर संपतो.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासण्यासारखा आहे. तपासता येतो, कारण त्या काळचे कागद शिल्लक आहेत. १६६१ चा तह, १६६५ चे ताबापत्र, त्याआधी पणजीला ठरलेल्या अटी, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लिस्बनला लिहिलेली पत्रे, १६६८ ची सनद. यातले बरेच छापून शंभरहून अधिक वर्षे झाली. मुंबईत राहून डॉक्टरकी करणारे गोव्याचे जेर्सन दा कुन्हा यांनी मुंबईच्या जुन्या पोर्तुगीज कागदांवर आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली. त्यांच्यासारख्यांच्या कष्टानंतरही आपण ही कहाणी पुढे ढकलत राहतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आधी मुलीबद्दल. वधू कॅथरीनचे वडील, पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव, १६५६ मध्येच वारले होते. तह झाला २३ जून १६६१ रोजी. तेव्हा गादीवर तिचा भाऊ सहावा अफोन्सो होता आणि कारभार पाहत होती आई, राणी लुईझा. म्हणजे ‘बापाने लेकीला दिले’ हे चित्र मुळातच चुकीचे. चूक लहान आहे. पण ज्याने मजकूर लिहिला त्याने तहाची तारीखसुद्धा पाहिली नव्हती, एवढे तिच्यावरून कळते.

आता ‘हुंडा’. हा तह विवाहाचा होता, यात वाद नाही. पण वधूबरोबर द्यायची रक्कम त्यात वेगळी लिहिली आहे: वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणे). मुंबई येते अकराव्या कलमात, आणि ती का दिली जाते आहे हे ते कलम स्वतःच सांगते. पूर्वेकडे इंग्रजांचा व्यापार वाढावा, आणि डचांच्या आक्रमणापासून तिथल्या पोर्तुगीज प्रजेचे रक्षण करण्याचे बळ इंग्लंडच्या राजाला मिळावे, म्हणून मुंबईचे बंदर आणि बेट त्याला व त्याच्या वारसांना कायमचे देण्यात येत आहे. शिवाय तहाला एक गुप्त कलम जोडलेले होते, आणि त्यात डचांविरुद्ध पोर्तुगीजांच्या मदतीला येण्याची जबाबदारी इंग्लंडचा राजा चार्ल्स याने घेतली होती. कोलंबो १६५६ मध्ये डचांकडे गेले होते, जाफना १६५८ मध्ये, आणि कोचीवर टांगती तलवार होती. पोर्तुगालने एक बेट देऊन आरमारी मदत विकत घेतली. लग्नाच्या कागदात लिहिले म्हणून तो हुंडा म्हणायचा, तर मग त्या कलमातले डच कशासाठी आहेत, याचे उत्तर द्यावे लागेल. (ती मदत वेळेवर आलीच नाही. १६६३ च्या सुरुवातीला कोचीही डचांनी घेतले.)

‘सात बेटे’ तर कुठल्याच कागदात नाहीत. तहात आहे ‘बंदर आणि बेट’, एकवचनी. १८ फेब्रुवारी १६६५ च्या ताबापत्रात त्या बेटाच्या हद्दीत माझगाव, परळ आणि वरळी ही गावे येतात असे म्हटले आहे. माहीम त्यात नाही. इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुकने ताबा घेतल्यावर माहीम, शीव, धारावी, वडाळा हेही बेटाचेच भाग आहेत असा दावा करून ते आपल्याकडे ओढले, आणि त्यावरून पोर्तुगीजांशी वर्षानुवर्षे भांडण चालले. कुलाबा इंग्रजांच्या हाती आले त्यानंतर साधारण दहा वर्षांनी. साष्टी आणि वसई तर पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई घेईपर्यंत मुंबईच्या उत्तरेला त्यांचेच राज्य होते, आणि ठाणे व करंजा इथल्या नाक्यांवर इंग्रजांच्या होड्यांकडून जकात घेतली जात होती. सात बेटे ताटात घालून कुणी कुणाला दिली नाहीत. त्यांचे तुकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रीतींनी जोडले गेले.

ताबा तरी सरळ मिळाला का? नाही, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोचे आरमार मुंबईसमोर येऊन उभे राहिले. नवा पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो त्याच आरमारातून आला होता. त्याने इंग्रजांच्या अधिकारपत्रात खोट काढली आणि बेट द्यायला नकार दिला. मुंबईचा गव्हर्नर म्हणून इंग्रजांनी नेमलेला सर अब्राहम शिपमन आपल्या सुमारे पाचशे सैनिकांसह अडकला. सुरतेला उतरवून घ्यायला कंपनीची माणसे तयार नव्हती, कारण मुघलांची मर्जी जाईल ही भीती होती. शेवटी ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले. तिथे रोगराईने माणसे पटापट मेली. १६६४ मध्ये शिपमनही गेला. जेव्हा त्याचा चिटणीस कुक मुंबईत पाय ठेवायला आला, तेव्हा शंभराच्या आसपास शिपाईच उरले होते.

द मेलो द कास्त्रोने जानेवारी १६६५ मध्ये आपल्या राजाला जे पत्र लिहिले, ते वाचताना आजही थबकायला होते. हिंदुस्थानातले हे आपले सर्वांत उत्तम बंदर आहे, लिस्बनचीही त्याच्याशी बरोबरी होणार नाही, असे तो म्हणतो. आणि ज्या दिवशी इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्याच दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल, असेही बजावतो. ज्याला बेटाची किंमत कळली नव्हती असा माणूस हे लिहीत नाही. किंमत न कळण्याची गोष्ट निदान गोव्याच्या बाबतीत तरी खोटी आहे.

आता येतो तो शब्द, ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो: ‘बिनमालकीची’.

ताबापत्र कुठे लिहिले गेले? मोकळ्या मैदानात नाही, किनाऱ्यावर नाही. मुंबई बेटावरच्या मोठ्या घरात, दोना इग्नेझ द मिरांडा या विधवेच्या घरी. दॉम रॉड्रिगो द मोन्सांतोची ती पत्नी. कागदपत्रांत तिला बेटाची ‘सेन्योरा’, म्हणजे मालकीणबाई म्हटले आहे. नंतर इंग्रजांनी त्याच घराभोवती किल्ला वाढवला. त्या जागी आज नौदलाचे आयएनएस आंग्रे आहे. त्या दिवशी कुकने माती आणि दगड हातात घेतले, तटावर चढून चालला, भिंतींना हात लावला. जमिनीचा ताबा घेण्याची ही कायदेशीर रीत होती, आणि ताबापत्रात ती एकेक कृती नोंदवली आहे. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जमीन जाते तेव्हाच असला विधी करावा लागतो.

ही मालकी कुठून आली? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. राजाने मग गावे आणि बेटे माणसांना लावून दिली. कुणाला काही पिढ्यांसाठी, कुणाला कायमची. बदल्यात दरवर्षी ठरावीक खंड, ज्याला ‘फोरो’ म्हणत, आणि प्रसंगी लष्करी चाकरी. मुंबईचे बेट अशाच रीतीने सोळाव्या शतकाच्या मध्याला वैद्य गार्सिया द ओर्टा याच्याकडे आले. राजाने आपल्याला कायमच्या खंडाने दिलेल्या या बेटाचा आणि तिथल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख त्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात केला आहे. माझगाव वेगळ्या घराण्याकडे होते. परळकडच्या जमिनींवर जेजुइटांचा, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती धर्मसंघाचा, हक्क होता. आपल्याकडच्या वतनदारीशी आणि जहागिरीशी ही व्यवस्था तंतोतंत जुळत नाही, पण ज्याने ती पाहिली आहे त्याला ही परकी वाटणार नाही. वर राजा, मध्ये खंड देणारा सरदार, खाली जमीन कसणारा.

आणि खाली कोण होते, हेही कागदात आहे. १४ जानेवारी १६६५ रोजी पणजीला ठरलेल्या अटींमध्ये एक अट अशी: पोर्तुगीज गावांतले कुणबी, भंडारी आणि तिथले इतर लोक इंग्रजांनी मुंबईत ठेवून घ्यायचे नाहीत, आले तर परत करायचे. मला ही अट वाचून प्रत्येक वेळी अस्वस्थ व्हायला होते. राजे आणि व्हाइसरॉय बेटावर भांडत होते, पण त्यांना धास्ती होती ती माडावर चढणारा आणि भात लावणारा माणूस खाडी ओलांडून जाईल याची. ज्या जमिनीवर माणसेच नव्हती तिच्यासाठी असली अट कुणी घातली असती? कोळी तर होतेच, पण फक्त कोळी नव्हते. सोळाव्या शतकातली माहीमची सेंट मायकल चर्च, माडाच्या बागा, भातखाचरे, मिठागरे हे सगळे त्या ‘ओसाड’ बेटांवरच उभे होते.

दोना इग्नेझबद्दलही त्याच अटींमध्ये वेगळे कलम आहे. तिच्या हयातीत तिला तिच्या जमिनीवरून हलवायचे नाही. इंग्लंडच्या राजाने कुकच्या या अटी पुढे मानल्या नाहीत, आणि नवा गव्हर्नर सर जर्व्हेज लुकास याने जेजुइटांच्या जमिनी जप्त केल्या. पण जमिनी जप्त कराव्या लागल्या, म्हणजे त्या कुणाच्या तरी होत्या.

राहिले दहा पौंड. २७ मार्च १६६८ ची सनद सांगते की मुंबई बेट कंपनीला कायमचे दिले आहे, ‘ईस्ट ग्रीनविचच्या जहागिरीच्या रीतीने’, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला दहा पौंड सोन्यात द्यायचे. यात भाडेकरार कुठेच नाही. मुदत नाही, परत घेण्याची तारीख नाही. ईस्ट ग्रीनविच हे लंडनजवळचे राजाचे ठिकाण, आणि इंग्लंडचा राजा दूरच्या जमिनी देताना हेच सूत्र वापरी. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची सनदही त्याच शब्दांत आहे. दहा पौंड म्हणजे वरच्या मालकाची ओळख ठेवण्याची खूण, गोव्याच्या राजवटीत फोरो होता तशीच, फक्त रक्कम नाममात्र.

बेटाचे मोल काय होते ते याच सुमाराच्या हिशेबातून दिसते. १६६७ च्या अखेरीस मुंबईचा तेव्हाचा कारभारी हेन्री गॅरी याने उत्पन्नाचा तक्ता पाठवला. त्यात गावागणिक वसूल होता, तंबाखूचा मक्ता, ताडीचे गुत्ते, जकात आणि नारळ होते. बेरीज सुमारे ७५,००० झेराफिन (गोव्याकडचे पोर्तुगीज नाणे), म्हणजे साधारण साडेसहा हजार पौंड. राजाची अडचण वेगळी होती. शिबंदी आणि तटबंदीचा खर्च या उत्पन्नापेक्षा जास्त होता, आणि त्याला रोकड हवी होती. कंपनीने याच काळात त्याला ५०,००० पौंडांचे कर्ज दिले होते. दहा पौंडांचा आकडा उचलून कर्ज आणि खर्च गाळला, की राजा मूर्ख दिसतो. हिशेब पुरा मांडला, की व्यवहार दिसतो.

आणि सनदेने राजा बाजूला झाला नाही. बेटावर जन्मलेली राजाची प्रजा इंग्लंडात जन्मलेल्यांसारखीच मानली जाईल, असे त्यात लिहिले होते. या एका ओळीतला प्रश्न पंधरा वर्षांनी पेटला. डिसेंबर १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केगविनने कंपनीचा अंमल उलथून राजाच्या नावाने मुंबई ताब्यात घेतली, आणि जवळजवळ वर्षभर चालवली. राजाचा हुकूम घेऊन सर थॉमस ग्रँथम आला तेव्हाच त्याने बेट सोडले. भाड्याने दिलेल्या जागेवर असले भांडण होत नाही.

जुन्या हक्कांचे काय झाले? ते एका रात्रीत पुसले गेले नाहीत. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७२ मध्ये बेटावरच्या जमीनदारांशी करार केला. त्यांनी मिळून वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे, आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरचे जुने दावे सोडायचे. किल्ल्यासाठी लागेल ती जमीन घेण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे ठेवला. म्हणजे बिनमालकीच्या म्हणून मिळालेल्या बेटावर कंपनीला पहिली काही वर्षे मालकांशीच बोलणी करावी लागली.

आणि ‘फोरो’ हा शब्दही गेला नाही. खाऱ्या जमिनी भरून लागवडीला दिल्या, त्यांच्यावरच्या खंडाला मुंबईत ‘फोरास’ म्हणू लागले. १८५१ साली कंपनी सरकारला या फोरास जमिनींसाठी वेगळा कायदा करावा लागला. कामाठीपुऱ्याजवळच्या फोरास रोडचे नाव त्यावरूनच पडले.