गवत कापायच्या मशीनबद्दलच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू वाचलो. तुम्ही लिहिलाय की बसून चालवायचं गवताचं मशीन महिन्यात दोनदा आमच्याकडं आणलं, दोन्ही वेळा कार्बोरेटर साफ केला म्हणून पैसे घेतलो, प्लग गरज नसताना बदललो, आणि मशीन अजून रेस खालीवर करतंय. दुसऱ्या एका मेकॅनिकनं गव्हर्नर (इंजिनाची रेस एकसारखी ठेवणारा भाग) गेलाय म्हणून सांगितलंय, म्हणजे आम्हाला इंजिनातलं कळतच नाही.

आधी चूक कबूल करतो, मग बाकीचं. दुसऱ्या वेळी तुमच्याकडनं ७०० रुपये घेतले ते घ्यायला नको होते. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो, पोरानं मशीन चालू करून ५ मिनिटं बघितलं, पुन्हा कार्बोरेटर खोलला, पुन्हा बसवला आणि टेम्पोत घालून पाठवून दिलं. बिघाड किती वेळानं येतोय हे त्यानं तुमच्या माळीकाकांना विचारलंच नाही. सगळं तिथंच चुकलं बघा. हे ७०० आज परत पाठवतोय.

रिव्ह्यू वाचल्यावर काल मीच काकांना फोन केलो आणि विचारलो, चालू केल्या केल्या रेस खालीवर होते का थोड्या वेळानं? ते म्हणाले, पयली वीस मिनिटं मस्त चालतंय, मग धापा टाकायला लागतंय, मग बंद, आणि दहा मिनिटं सावलीत उभं केलं की परत चालू. हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की पहिल्या वेळचा बिघाड वेगळा होता आणि हा वेगळा आहे, नुसता दोन्हीचा आवाज एक आहे. म्हणून तुम्हाला वाटलं की आम्ही काहीच केलो नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही, कुणालाही तसंच वाटेल.

पहिल्या वेळी काय होतं ते सांगतो. पावसाळाभर मशीन जांबोटी रोडच्या तुमच्या शेडमध्ये उभं, जूनमध्ये भरलेलं पेट्रोल तसंच टाकीत, आणि दसरा झाल्यावर काढलं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतंय, ह्या छोट्या इंजिनांच्या बुकात बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणून लिहिलेलं असतंय. मी इथेनॉलच्या विरोधात नाही वो, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात तयार होतंय ते, माझ्या घरचा ऊस पण तिकडंच जातोय. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतंय, आणि आपल्याकडच्या पावसात चार महिने उभ्या टाकीत ओल कमी का असणार? पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतंय, वर नुसतं पेट्रोल राहतंय. तुमच्या टाकीतनं काढलेलं ४ लिटर मी एका काचेच्या बाटलीत ठेवलोय, दोन थर अजून स्पष्ट दिसतात, कधीही येऊन बघा.

आता कार्बोरेटरमधला बारका जेट, त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षा लहान असतंय, जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्यात बसला की इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. मग रेस पडते, रेस पडली की गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोल-हवेची झडप, उघडतो, इंजिन एकदम वर उसळतंय, मग गव्हर्नर बंद करतो, परत पडतंय. वूंऽऽ वूंऽऽ असा जो आवाज येतो तो हा. म्हणजे गव्हर्नर बिघडलेला नसतो, उलट तो बिचारा इमानदारीनं त्याचं काम करत असतो. आणि ह्याची खूण म्हणजे चोक, म्हणजे हवा कमी करायची खटकी, अर्धा ओढला की आवाज लगेच सरळ होतो, कारण हवा कमी झाली. तुमच्या मशीनवर तेच झालं, काकांच्या समोरच दाखवलो होतो. म्हणून साहेब, कुणी गव्हर्नर बदला म्हणालं तर आधी चोक ओढून बघायला लावा, मग पैशाचं बोला. आणि गव्हर्नरची स्प्रिंग ताणून तेवढ्यापुरता आवाज दाबायला कुणाला देऊ नका, रेस हद्दीबाहेर गेली तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) तुटून बाहेर येतोय.

प्लगचं म्हणाल तर काका आठ-दहा दिवस अर्धा चोक ओढूनच गवत कापत होते, कारण तसं चालत होतं. त्यानं प्लग काजळीनं काळा झाला होता आणि आतल्या पांढऱ्या चिनी मातीला चीर पण होती. काजळी घासून काढता येते, चीर भरता येत नाही. जुना प्लग तुमच्या टूलबॉक्सात कागदात गुंडाळून ठेवलोय, उजेडात धरून बघा. प्लगचे २५० आणि पहिल्या वेळच्या सफाईचे पैसे मी परत करणार नाही, ते काम खरं होतं आणि व्यवस्थित झालं होतं. जेटमध्ये तार घातलो नाही, पितळेचं भोक तारेनं मोठं होतंय आणि मग पेट्रोल-हवेचं मिक्श्चर कायमचं बिघडतंय, क्लीनरमध्ये भिजवून हवा मारूनच काढलो.

आता सध्याचा बिघाड. काल फोनवरच काकांना म्हणालो, मशीन सपाटीवर घ्या, धापा टाकायला लागलं की टाकीचं झाकण काढू नका, फक्त अर्धा फेरा सैल करा. त्यांनी केलं, सुस्सऽ करून हवा आत गेली आणि थोड्या वेळात इंजिन सरळ झालं! फोनवर मला ऐकू आलं ते. झाकणाला हवेचं एक भोक असतंय, पेट्रोल खाली जाईल तसं तिथनं हवा आत यायला पाहिजे, भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतंय. उभं करून ठेवलं की हळूहळू हवा शिरते, म्हणून दहा मिनिटांनी परत चालू. काका म्हणाले झाकणावर मातीचा गोळा चिकटलाय. कुंभारमाशीनं घर केलेलं असणार, शेडमध्ये नेहमीचं आहे ते. सीटखालचा स्विच (माणूस उठला की इंजिन बंद करणारा) सैल असता तर इंजिन खटकन बंद पडलं असतं, असं गुदमरत गेलं नसतं, त्यामुळं तिकडं बघायची गरज वाटत नाही.

पण कृपा करून सैल झाकणानं गवत कापायला बसू नका, तुमच्याकडं उतार आहे, पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडलं तर पेट घेईल. मी शुक्रवारी सकाळी स्वतः नवीन झाकण घेऊन येतो, झाकणाचे आणि यायचे पैसे नकोत. बसवून पुरता एक तास पाती जोडून गवत कापून दाखवतो, त्या वेळी तुम्ही घरी असलात तर बरं होईल.

दुकानात कालपासनं एक केलोय, मशीन उतरवून घेतानाच पोरांनी किती मिनिटांनी बिघडतंय, चोकनं फरक पडतोय का, पेट्रोल कधीचं, एवढं विचारून पावतीवर लिहायचं, मगच पाना हातात घ्यायचा. रिव्ह्यू काढा म्हणणार नाही. शुक्रवारी मशीन कसं चाललं तेवढं खाली लिहिलात तर चांगलं, ह्याच बिघाडाची तीन मशीनं ह्या आठवड्यात खानापूरकडनं आलेत, त्या लोकांना पण वाचायला मिळेल.