१५ कोटी जुन्या बाजारात पडलेत, जाऊन घेऊन या

२०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ब्रदर्स या व्हिडिओ गेमची एक सीलबंद कॅसेट २० लाख डॉलरला गेली, म्हणजे आपले साधारण १५ कोटी. ही बातमी वाचून "अरे, ही तर आपल्याकडे पण होती की" असं तुम्हाला वाटलं असेल, तर अभिनंदन, तुम्ही जुने गेम घेऊन विकायच्या या धंद्यात यायला एकदम लायक आहात. आता आपल्याकडे होती ती ९९९९-इन-१ वाली पिवळी कॅसेट, त्यात मोजून पाच-सहाच गेम आणि बाकी तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे, ती पण फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेमच्या डब्याच्या, नकलेची नक्कल. पण असल्या किरकोळ गोष्टींनी खचून जाणारा माणूस धंदा काय करणार?

तर रविवारी उठायचं आणि पुण्यातला जुना बाजार गाठायचा. बुधवारी पण भरतो, पण बुधवारी ऑफिसला काय सांगणार, तरी दोनदा पोट बिघडलंय असं सांगून झालंय माझं. सकाळी लवकर जा म्हणजे तुमच्याआधी आलेली तुमच्यासारखीच दहा-बारा पोरं भेटतील, सगळी कॉम्प्युटरवाली, सगळी मळका टीशर्ट घालून आलेली, गरीब दिसावं म्हणून.

पहिला नियम, हवी ती वस्तू दिसली तरी तिच्याकडे बघायचं नाही. आधी शेजारच्या मिक्सरच्या भांड्याचा भाव विचारा, मग नळाची तोटी हातात घ्या, मग अगदी सहज, पायाला लागल्यासारखं करून, "आणि हे काय आहे हो दादा, रिमोट आहे का?" असं म्हणा. समोरचा वीस वर्षं तिथे बसतोय, तो मनातल्या मनात ५० चे ३०० करतो आणि "घ्या साहेब, रिमोटच आहे" म्हणतो.

माल ओळखायला शिका. प्लेस्टेशन वनची ओरिजिनल डिस्क खालून काळी असते, तुम्हाला मिळेल ती चांदीसारखी चकाकणारी, वर मार्करने 'जीटीए' लिहिलेली, आणि कव्हरमध्ये निघेल कुणाच्या तरी लग्नाची सीडी. कॅसेट असेल तर पिना मोजा, फॅमिकॉमच्या ६० आणि अमेरिकन निन्टेंडोच्या ७२. आपल्या बाजारात कायम ६० च निघतात, तरी मोजायच्या, आजूबाजूच्यांवर छाप पडते. २००९ चा 'हनुमान: बॉय वॉरियर' मात्र दिसला तर सोडू नका, प्लेस्टेशन टूसाठी भारतात बनलेला तो पहिला गेम. तेव्हा कुणाला खेळायचा नव्हता आणि आता सगळ्यांना जपून ठेवायचाय.

घरी आणलं की साफसफाई. लहानपणी आपण कॅसेटमध्ये फुंकर मारायचो, त्याने गेम चालायचा असं आपल्याला वाटायचं, खरं तर कॅसेट काढून परत नीट बसवली म्हणून चालायचा आणि थुंकीने पिना गंजायच्या त्या वेगळ्या. आता मोठे झालात, आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, बायकोचा चालू टूथब्रश घ्या.

बंदूक मिळाली, ती बदकं मारायची, तर अजून एक खर्च आला. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि तो बंदुकीला दिसला तर बदक पडतं. नवीन टीव्हीवर चित्र जरासं उशिरा येतं, त्यामुळे बदकं अमर. मग बंदूक टेस्ट करायला एक जुना डबा टीव्ही आणा, तो दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर चढवा. घरचे काही बोलले तर त्यांना अमेरिकेतल्या अलामोगोर्डो गावाची गोष्ट सांगा. १९८३ मध्ये अटारी या गेम कंपनीने न खपलेल्या कॅसेट तिथल्या कचरा डेपोत पुरल्या, २०१४ मध्ये लोकांनी खणून काढल्या आणि तो कचरा लाखभर डॉलरच्या वर विकला गेला. आमच्याकडे ही गोष्ट ऐकून "मग तू पण पूर की" असं उत्तर आलं, तुमच्याकडे वेगळं येऊ शकतं.

आता जाहिरात. फोटो पलंगावरच काढायचा, आमच्याकडे पिवळी कोयऱ्यांची चादर आहे, तिच्यावर काळा डबा उठून दिसतो. वर 'रेअर', 'व्हिंटेज', 'नाइन्टीज किड्स' हे तिन्ही शब्द पाहिजेतच. बंद पडलेला असेल तर 'टेस्ट केलेला नाही' लिहा. भाव १२०० टाका, पाच मिनिटांत "लास्ट किती" येईल, तुम्ही हजार म्हणालात की "दोनशे फायनल, आत्ता येतो" येईल आणि तो कधीच येणार नाही. एकाने मला मोबाइलचं कव्हर बदल्यात देऊ केलं होतं, ते पण वापरलेलं.

हिशोब मात्र चोख ठेवा. घेतला १५० ला, विकला ४०० ला, नफा २५०. पेट्रोल, दोन मिसळ, अल्कोहोल, अडॅप्टर, बबलरॅप, कुरिअर आणि गाडी उचलून नेली त्याचा दंड हे घरखर्चात टाकायचं.

आणि भावावर कधी अडून बसू नका, हे माझ्याकडून शिका. मागच्या रविवारी एक बंदूकवाला सेट दिसला, नेहमीसारखं तोटी वगैरे करून झालं, २०० म्हणालो. त्या दादाने मान हलवली, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला, "काय साहेब, बाहेर काय रेट चाललाय बघा की जरा, हा एक जण १२०० ला विकतोय." फोटोत खाली पिवळी कोयऱ्यांची चादर.

९०० ला घेतला.