पुढच्या पंचवीस वर्षांची उचल

युरोपातले मोठे फुटबॉल क्लब कर्जात अडकले ते उत्पन्न कमी पडलं म्हणून नव्हे. उत्पन्न भरपूर आहे. जो पैसा अजून हातात आलेला नाही तो आला असं धरून त्यांनी खर्च केला, आणि हा न आलेला पैसा बहुतेक वेळा टीव्हीचा होता. आज हे जरा सविस्तर लिहितोय, कारण ही गोष्ट आता स्पेनमधल्या बार्सिलोना आणि इंग्लंडमधल्या लीड्स या क्लबांपुरती राहिलेली नाही. ती आपल्या इंडियन सुपर लीगपर्यंत, म्हणजे आयएसएलपर्यंत आली आणि तिथून नाशिकच्या पोरांपर्यंत पोचली.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. सातपूरच्या एका कारखान्यात दिवसभर येणी-देणी बघतो आणि शनिवार-रविवार रात्री मॅच. त्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी रडत रडत बार्सिलोना सोडून गेला, तेव्हा माझं लक्ष त्या रडण्यापेक्षा आठवडाभराने झालेल्या पत्रकार परिषदेकडे जास्त होतं. क्लबचे अध्यक्ष लापोर्ता यांनी तिथे आकडे सांगितले. एकूण देणं १३५ कोटी युरो. पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के. म्हणजे शंभर रुपये येणार आणि एकशे तीन नुसत्या पगारात जाणार. मैदानाची देखभाल, प्रवास, व्याज, सगळं त्याच्या वर. आमच्या कारखान्यात एखाद्या तिमाहीला असा कागद निघाला तर बँकेचा फोन दुसऱ्याच दिवशी येईल.

कोविडमुळे झालं, असं पुष्कळ जण सांगतात. कोविडने दणका दिला हे खरंच, स्टेडियम रिकामी होती. पण २०१७ मध्ये नेमारला विकून २२ कोटी २० लाख युरो आले, त्यानंतर कुटिन्हो, डेम्बेले, ग्रीझमन यांच्यावर ज्या रकमा उधळल्या त्या कोविडच्या आधीच्या. आणि तेव्हा क्लबात सगळ्यांची समजूत एकच होती, की टीव्हीचे करार दर वेळी वाढणारच.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या उन्हाळ्यात, त्यांनी जे केलं ते मला अजूनही पटत नाही. ला लिगा या स्पेनच्या लीगकडून मिळणाऱ्या आपल्या टीव्ही उत्पन्नाचा पाव हिस्सा त्यांनी सिक्स्थ स्ट्रीट या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला २५ वर्षांसाठी विकून टाकला. त्यातल्या पहिल्या १० टक्क्यांचे आले २० कोटी ७५ लाख युरो. त्याच उन्हाळ्यात लेवांडोव्स्की, राफिन्या, कुंदे आले. २०२३ ची लीग जिंकली, आणि मित्रमंडळी म्हणायला लागली, बघ, डाव लागला की. लागला, मान्य. पण २०४५ साली जे पोर त्या क्लबाकडून खेळेल त्याच्या मॅचच्या टीव्हीच्या पैशातला पाव हिस्साही २०२२ मध्येच विकलेला आहे. ते पोर कदाचित अजून जन्मालाही आलेलं नाही. त्याच्या वाट्याचा पैसा खर्च करायचा हक्क या लोकांना कुणी दिला?

बरं, हे एकट्या बार्सिलोनाचं नाही. ला लिगाने २०२१ मध्ये सीव्हीसी या फंडाशी करार केला, तो चक्क ५० वर्षांचा. साधारण दोनशे कोटी युरोंच्या बदल्यात टीव्ही उत्पन्नातले आठेक टक्के. रियाल, बार्सिलोना, बिलबाओ बाहेर राहिले, बाकी बहुतेक क्लब आत गेले. बिलबाओबद्दल मला त्या दिवसापासून आदर वाटतो.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, म्हणून मला हे व्यवहार परके वाटत नाहीत. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू. औषधं कृषी सेवा केंद्रातून उधारीवर. माल तयार व्हायला लागला की व्यापारी बागेत यायला लागतात. एक जण मणी तोंडात टाकतो, फुगवण बघतो, गोडी बघतो आणि भाव बोलतो. एका वर्षी एकाने गावात सगळ्यांपेक्षा चढा भाव बोलला. थोडा इसार दिला. खुडा झाला, क्रेट भरले, गाडी काट्यावर गेली, चिठ्ठी हातात आली, बाकीचे पैसे आठ दिवसांत. त्या आठ दिवसांत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानदाराला तारीख दिली, मजुरांना शब्द दिला, सोसायटीच्या हप्त्याचं ठरवलं. नवव्या दिवशी गाळ्याला कुलूप. फोन बंद. काट्याची चिठ्ठी अजून घरात कपाटात आहे. तिच्यावरचा आकडा अगदी बरोबर आहे, फक्त तो कधी पैशात आला नाही. आणि शेजारच्या ज्या शेतकऱ्याने कमी भावात पण रोखीने माल दिला होता, त्याला तोपर्यंत गावात लोक भोळा म्हणत होते.

इंग्लंडमध्ये २००२ मध्ये नेमकं हेच झालं. आयटीव्ही डिजिटल नावाच्या कंपनीने प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांच्या सामन्यांसाठी तीन वर्षांचे ३१ कोटी ५० लाख पौंड कबूल केले. त्या पातळीच्या फुटबॉलला एवढा भाव कुणी दिला नव्हता. क्लबांनी लगेच त्या हिशेबाने खेळाडूंशी करार केले. कंपनीला ग्राहकच मिळेनात, ती बुडाली, आणि जवळपास १७ कोटी ८५ लाख पौंड यायचे राहिले. कार्ल्टन आणि ग्रॅनडा या तिच्या दोन्ही मालक कंपन्या चांगल्या धडधाकट होत्या. लीग कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, मालकांची हमी कागदावर कुठे आहे? नव्हती. एवढ्या रकमेचा करार आणि जामीन नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान परत परत वाचलं. खेळाडूंचे करार मात्र पक्के होते, ते पाळावेच लागले. त्यात कितीतरी क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेले.

यातून कुणी काही घेतलं असेल असं वाटत असेल तर फ्रान्सकडे बघा. २०१८ मध्ये मीडियाप्रो या स्पॅनिश कंपनीने फ्रेंच लीगला वर्षाला सुमारे ८० कोटी युरो देऊ केले. कनाल प्लुस या फ्रेंच चॅनलसारखं, वर्षानुवर्षं पैसे देणारं जुनं गिऱ्हाईक नाराज होऊन बाजूला झालं. २०२० चा हंगाम सुरू झाला आणि ऑक्टोबरचा हप्ताच आला नाही. डिसेंबरात करार मोडला. नंतर अ‍ॅमेझॉनने त्यातला मोठा भाग घेतला तो वर्षाला साधारण २५ कोटींना. क्लबांनी पगार कबूल केले होते ८० कोटींच्या भावाने. खड्डा बुजवायला २०२२ मध्ये लीगने आपल्या धंद्यातला १३ टक्के हिस्सा त्याच सीव्हीसीला दीडशे कोटी युरोंना दिला. २०२४ मध्ये डॅझोन हे खेळ दाखवणारं स्ट्रीमिंग चॅनल आलं, पाच वर्षांच्या गोष्टी करत, वर्षाला ४० कोटी. एका हंगामात तोही संसार मोडला. २०२५ पासून फ्रेंच लीग स्वतःचंच चॅनल चालवते आहे. दोन-चार क्लबांची ही चूक म्हणता येणार नाही, अख्खी लीगच चढा भाव ऐकून हुरळली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते बोर्दोचं. १८८१ चा क्लब. सहा वेळा फ्रान्सचा विजेता, शेवटचा २००९ मध्ये. झिदान युव्हेंटसला जाण्याआधी चार वर्षं इथेच खेळला. मीडियाप्रो गेलं, कोविड आला, २०२१ मध्ये मालक असलेल्या अमेरिकी फंडाने हात वर केले, मग नवा मालक, मग दुसऱ्या विभागात घसरण. जुलै २०२४ मध्ये क्लबाने व्यावसायिक दर्जाच सोडून दिला आणि थेट चौथ्या पातळीवर गेला. खेळाडूंचे करार संपवले, पोरांची अकादमी बंद. चाळीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम उभं आहे आणि त्यात चौथ्या विभागाची मॅच. अकादमीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? मीडियाप्रोशी करार करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मोठे क्लब कधी बुडत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की नावं बघून बोलू नका, माणसं बघून बोला. बार्सिलोना बुडणार नाही, कुणीतरी कर्ज देईलच. जर्मनीचं डोर्टमुंड २००५ मध्ये बुडता बुडता वाचलं, त्याआधी पगार भागवायला तिथल्याच बायर्न क्लबाने त्यांना २० लाख युरो उसने दिले होते. इंग्लंडमधला बरी हा १८८५ चा क्लब मात्र २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला, कुणी धावलं नाही. आणि मोठ्या क्लबातही किंमत कोण मोजतं? मँचेस्टर युनायटेडवर २००५ आधी कर्ज नव्हतं. ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज क्लबाच्याच डोक्यावर टाकलं, आणि वीस वर्षं क्लब त्याचं व्याज भरतोय. २०२४ मध्ये तिथल्या सुमारे अडीचशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, पुढच्या वर्षी आणखी कपात, ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्या मैदानावरच्या कर्मचाऱ्यांचं फुकट मिळणारं जेवणही बंद. तिकीट खिडकीवरची, गवत कापणारी, कँटीनमधली माणसं ही. लीड्सने २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल गाठली आणि त्याच वर्षी पुढच्या पंचवीस वर्षांच्या तिकीट विक्रीवर ६ कोटी पौंड उचलले. तीन वर्षांत ते खाली गेले, परत वर यायला सोळा वर्षं लागली. लीड्सचीही पंचवीस वर्षं, बार्सिलोनाचीही पंचवीस वर्षं.

आता आपल्याकडचं. आयएसएलला युरोपासारखा शंभर वर्षांचा प्रेक्षक नाही, तिकिटाचा पैसा फारसा नाही. सगळा डोलारा प्रायोजक, टीव्ही आणि मालकांच्या खिशावर. भारतीय फुटबॉल महासंघाचा रिलायन्सच्या कंपनीशी २०१० मध्ये १५ वर्षांचा करार झाला, वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये. तो संपणार २०२५ च्या डिसेंबरात, ही तारीख सगळ्यांना पंधरा वर्षं आधीपासून माहीत होती! तरी जुलै २०२५ मध्ये लीग थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू-कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाज स्थगित केलं, ओडिशाचेही हाल तेच. नोव्हेंबरात लीगचे व्यावसायिक हक्क देण्याच्या नव्या निविदेला एकही बोली आली नाही. येणार कुठून? पूर्वी टीव्हीवाल्यांत स्टार आणि वायकॉम निदान दोन वेगळी गिऱ्हाइकं होती. २०२४ मध्ये ती एक झाली. बाजारात एकच मोठा घेणारा उरला की भाव तोच ठरवतो, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना मध्ये पडून जाहीर करावं लागलं, की आखूड स्वरूपात लीग फेब्रुवारीत होईल.

महाराष्ट्राने तर हे आधीही पाहिलंय. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुण्याचा आयएसएल क्लब, ज्याच्यासाठी आम्ही नाशिकहून बालेवाडीला जायचो, २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. २०२५ मध्ये तीच जागा हैदराबादहून दिल्लीला गेली. ज्यांनी जर्सी घेतल्या, रविवारचे रविवार गाडीत घातले, त्यांना कुणी एक पत्रसुद्धा पाठवलं नाही.

देवळाली कॅम्पात आमच्यासोबत खेळणारा नाशिकरोडचा एक मुलगा एका मोठ्या क्लबाच्या युवा संघात होता. डावखुरा, कमालीचा पहिला टच. वडील अंबडला कारखान्यात. बारावीचं वर्ष सोडून तो तिकडे राहत होता. गेल्या पावसाळ्यात त्याला सांगितलं, घरी जा, कळवू. पोरगं महिनोन्महिने रोज सकाळी सहाला एकटं मैदानावर यायचं, बूट घालून धावायचं आणि फोन दगडावर ठेवायचं, आवाज मोठा करून. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, साहेब, एवढे पैसेवाले लोक, यांच्याकडे पोरांच्या जेवणाचे पैसे नसतील का? मी त्यांना काय उत्तर देणार होतो?

माझं म्हणणं असं, की टीव्हीच्या कराराचा पैसा खात्यात जमा होईपर्यंत त्याच्या जिवावर कुठल्याही क्लबाला पगार कबूल करू देऊ नयेत. हंगाम सुरू होण्याआधी वर्षभराचा पगार आणि युवा संघाचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवा, मगच लीगमध्ये नाव. मालकाची हमी लेखी. आणि अध्यक्षाची मुदत संपल्यानंतरचं टीव्ही उत्पन्न आज विकायला सरळ बंदी. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला, क्लबांना आता परवाना घ्यावा लागणार. खेळ मरेल, गुंतवणूक येणार नाही, अशी ओरड तिथेही झाली. असे नियम असते तर बार्सिलोनाला लेवांडोव्स्की मिळाला नसता, हे मला कळतं. चालेल मला. मी बार्सिलोनाचाच माणूस आहे आणि तरी म्हणतोय, चालेल.

त्या मुलाला आता दुसऱ्या एका क्लबाकडून बोलावणं आलंय. वडील कागद घेऊन घरी आले होते. मी त्यांना सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: राहण्या-खाण्याचा खर्च कोण देणार आणि किती महिन्यांचा आगाऊ, लीग थांबली तर मुलाच्या शाळा-कॉलेजचं काय, आणि करार मोडला तर किती दिवस आधी कळवणार. क्लबाचं उत्तर अजून यायचंय. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाने असा करार केला असेल आणि त्यात ही कलमं घालून घेतली असतील, तर मला कळवा. मसुदा त्यांना दाखवायचा आहे.