खुलासा : रुळांवर सँडपेपर नको

‘मॉडेल रेल्वेची गाडी अडखळू लागली की रूळ सँडपेपरने घासा, चकाचक होतील’ हा सल्ला नव्या हौशींमध्ये फिरतोय. चकाचक होतात खरे, पण थोडेच दिवस. एचओ स्केलमध्ये (म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १/८७ आकाराच्या मॉडेलमध्ये) साधारण १२ व्होल्टची वीज रुळांतून चाकांवाटे मोटरला मिळते. सँडपेपरचे ओरखडे रुळाच्या माथ्यावर कायम राहतात आणि काळी घाण त्यांतच घट्ट बसून वीज पुन्हा अडवते. त्यापेक्षा वीज बंद करून सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि रूळ पुसा. फडकं काळंकुट्ट होईल. इंजिनाची चाकंही पुसा, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही! तरीही गाडी नेमकी एकाच जागी थांबत असेल, तर रुळांच्या सांध्यावरची जोडपट्टी सैल झालीय का ते तपासा.