हॅम्स्टरच्या पिल्लांविषयी फिरणारा तो संदेश पुढे पाठवू नका

पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मराठी संदेश फिरतो आहे. हॅम्स्टरचं पिल्लू घरी आणणाऱ्यांसाठी त्यात सल्ले आहेत. थोडक्यात ते असे: पिल्लू घरट्यात दाणे लपवत असेल तर ते उपाशी आणि घाबरलेलं आहे, म्हणून वाटी सतत भरून ठेवा. लपवलेले दाणे आणि घरटं रोज काढून टाका, नाहीतर पावसाळ्यात रोग होतो. उबेसाठी सावरीचा कापूस नाहीतर नारळाचा काथ्या द्या. दिवसातून तीनदा ड्रॉपरने गाईचं दूध पाजा. आई पिल्लं खाते, म्हणून ती जन्मताच वेगळी करा. आणि भावंडांची जोडी कधी तोडू नका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण यातल्या काही सल्ल्यांनी पिल्लं मरतात, तीही हाल होऊन. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

“दाणे लपवतं, म्हणजे ते उपाशी आहे”

हॅम्स्टरच्या दोन्ही गालांत पार खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. वाटीतले दाणे गालात भरायचे, घरट्यात जाऊन पुढच्या पंजांनी गाल दाबत ते बाहेर काढायचे आणि परत वाटीकडे यायचं, हे काम पिल्लू आईचं दूध तुटायच्या सुमारास करू लागतं. त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही आणि पोट भरलेलं असलं तरी ते थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, तांदूळ डब्यांत जातात. त्या घरात उपासमार चालली आहे असं कुणी म्हणत नाही.

भुकेचा आणि साठ्याचा संबंध आहे, पण संदेशात सांगितलाय तसा नाही. प्रयोगशाळेत उंदराला काही काळ उपाशी ठेवून मग अन्न दिलं तर तो नेहमीपेक्षा जास्त खातो. सीरियन, म्हणजे सोनेरी, हॅम्स्टर मात्र जवळजवळ नेहमीएवढंच खातो आणि घरट्यात नेहमीपेक्षा खूप जास्त वाहून नेतो. उपाशी हॅम्स्टर जास्त साठवतो हे खरं. पण त्यावरून साठवणारा प्रत्येक हॅम्स्टर उपाशी ठरत नाही.

वाटी सतत भरलेली ठेवण्याने काय होतं ते बघा. पिल्लू सूर्यफुलाच्या आणि इतर तेलकट बिया निवडून नेतं, गोळीखाद्य तसंच राहतं, आपण वाटी रिकामी दिसली की पुन्हा मिश्रण ओततो. काही दिवसांनी घरट्यात बियांचा ढीग असतो आणि वाढत्या वयातल्या पिल्लाला लागणारी प्रथिनं मात्र मिळालेली नसतात. वाटी रिकामी झाली म्हणजे जेवण झालं असा अर्थ काढू नये. पूर्ण वाढलेल्या सीरियन हॅम्स्टरला दिवसाला १० ते १२ ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. पिल्लाच्या बाबतीत खात्री करायची तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरावा. आठवड्याला वजन वाढतंय, पिल्लू संध्याकाळी तरतरीत आहे, तर ते उपाशी नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत मात्र सढळ हातानेच द्यावं. तिची गरज मोठी असते आणि तिच्या साठ्यावर पिल्लंही पहिला घास घेतात.

“घरटं आणि साठा रोज काढून टाका”

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि त्यामुळेच तो सगळ्यांना पटतो. पावसात साठ्याला बुरशी येते ही गोष्ट खरी. पण उपाय चुकीचा आहे.

आपण पाळतो तो सोनेरी हॅम्स्टर मूळचा उत्तर सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासच्या कोरड्या शेतजमिनीतला. तिथली वापरात असलेली ३० बिळं संशोधकांनी मोजली तेव्हा ती सरासरी ६५ सेंटिमीटर खोल भरली. तशा कोरड्या मातीत पुरलेलं धान्य टिकतं. गोव्यात जुलैच्या हवेत ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. इथे डब्यातलं पोहंसुद्धा मऊ पडतं. प्राण्याची सवय बरोबर आहे, हवा वेगळी आहे. तेव्हा सुधारायची ती हवा आणि खाण्याचा प्रकार.

रोज घरटं उपसलं तर पिल्लाचा सगळा वास जातो. ज्या वासावरून त्याला आपली जागा ओळखू येते तो वासच नाहीसा झाल्यावर ते दर रात्री नव्याने घरटं बांधत बसतं, दिवसा झोपायच्या वेळी जागं राहतं, पिंजऱ्याच्या तारा चावतं. दूध नुकतं तुटलेल्या पिल्लाला असा ताण परवडत नाही. त्याच वयात त्याला जुलाबाचा तो भयंकर आजार होतो, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

मी लोकांना सांगते ते असं. ओलं खाणं, म्हणजे काकडीची चकती, गाजराचा तुकडा, कोथिंबिरीची काडी, संध्याकाळी अगदी थोडं द्यावं आणि सकाळी उरलेलं काढावं. साठ्याला बुरशी लागते ती बहुधा याच ओल्या तुकड्यांमुळे. कोरड्या साठ्याकडे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघावं. ओलसर, गठ्ठा झालेलं किंवा वास येणारं असेल तेवढंच उचलावं आणि त्याच जागी तितकंच ताजं कोरडं खाणं ठेवावं. बाकीच्याला हात लावू नये. बहुतेक हॅम्स्टर लघवीसाठी एकच कोपरा ठरवतात, तो कोपरा वरचेवर साफ केला की वासाची तक्रार उरत नाही. सगळा पिंजरा धुवायची वेळ येईल तेव्हा जुन्या स्वच्छ कागदाचा निदान एक तृतीयांश भाग परत आत घालावा.

पाण्याची बाटली तपासा. तिची नळी अंथरुणाला टेकली तर रात्रभर पाणी झिरपतं आणि पावसाळ्यात ते घरटं वाळतच नाही. पिंजरा ओल आलेल्या भिंतीला टेकवून किंवा झड येणाऱ्या खिडकीखाली ठेवू नये. अंथरूण निदान १५ सेंटिमीटर जाड हवं, जास्त असेल तर आणखी चांगलं, कारण पिल्लाला खणायचं असतं. त्यासाठी सुताराकडचा भुसा आणू नका. त्यात प्लायवूडच्या गोंदाचे कण आणि बारीक धूळ असते, ती थेट फुप्फुसात जाते. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचे तुकडेही नकोत.

साठ्याला मुंग्या लागतात, ही गोव्यातली दुसरी अडचण. मुंग्यांच्या खडूने पिंजऱ्याभोवती रेघ ओढणारे लोक आहेत. तो खडू विषारी असतो आणि हॅम्स्टर जमिनीवर येईल ते चाटून पाहतो. टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, जुन्या घरांत खाण्याच्या वस्तूंची कपाटं ठेवत तसे. तेवढं पुरतं.

“सावरीचा कापूस किंवा काथ्या द्या”

देऊ नका. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की तो कापूस हाताला फार मऊ लागतो, म्हणून लोकांना तो बाळाच्या गादीसारखा वाटतो. पण पिल्लाचा पाय काडीएवढा असतो. कापसाचा बारीक तंतू त्याला गुंडाळला जातो, पिल्लू ओढाताण करतं, फास आवळतो, रक्त थांबतं आणि पाय काळा पडतो. गिळलेला तंतू आतड्यात अडकतो, गालाच्या पिशवीत भरलेला तिथेच चिकटून बसतो. काथ्याचे लांब धागे, लोकर, दुकानात ‘हॅम्स्टरची गादी’ म्हणून मिळणारा कृत्रिम कापूस, सगळ्यांना हेच लागू आहे. बिनवासाचा टॉयलेट पेपर फाडून पट्ट्या आत टाका. पिल्लू त्या स्वतः कुरतडून, विंचरून हवं तेवढं मऊ घरटं करतं. ते बघायलाही सुंदर असतं. शिवाय गोव्यात पिल्लाला थंडीपेक्षा उकाड्याचा धोका जास्त. गच्चीच्या स्लॅबखालची तापलेली खोली एप्रिल-मेमध्ये त्याच्यासाठी असह्य असते.

“गाईचं दूध पाजा”

हॅम्स्टरच्या पिल्लाला जन्मतःच पुढचे दात असतात. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत, डोळे उघडायच्याही आधी, ते घरट्यात पडलेलं खाणं कुरतडू लागतं. डोळे साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी उघडतात आणि तीन आठवड्यांच्या आसपास दूध तुटतं. दुकानातून आणलेल्या पिल्लाला पाणी आणि योग्य खाणं हवं, दूध नाही. गाईच्या दुधाने त्याला जुलाब होतात. ड्रॉपरने घाईत पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. लहान पिल्लाला द्यायचंच असेल तर गोळीखाद्य पाण्यात भिजवून, किंवा उकडलेल्या अंड्याचा पांढरा चिमूटभर भाग, आणि तो दोन-तीन तासांत उचलायचा. दोदोलसारखा चिकट खाऊ गालात अडकतो. खारे काजू, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नको. आई मेलेली आणि डोळे न उघडलेली पिल्लं असतील तर घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

पिल्लू स्वतःची लेंडी खाताना दिसलं तर घाबरू नका. त्यातून त्याला बी गटातली जीवनसत्त्वं मिळतात. त्यासाठी त्याला ओरडू नये की पिंजरा धुऊ नये.

“आई पिल्लं खाते, जन्मताच वेगळी करा”

या सल्ल्याने सर्वात जास्त नुकसान होतं. सीरियन हॅम्स्टरची मादी फक्त १६ दिवसांत विते. पिल्लं दोन-तीन ग्रॅमची, बिनकेसांची, बंद डोळ्यांची असतात. त्यांना स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. घरटं, भावंडं आणि आईचं अंग हीच त्यांची ऊब. पहिल्या आठवड्यात त्यांना आईपासून काढणं म्हणजे मारणंच आहे.

आई पिल्लं खाते हे खोटं नाही. पण कधी खाते? घरटं उघडलं, पिल्लांना माणसाचा हात लागला, सतत आवाज झाला, पाणी किंवा प्रथिनं कमी पडली, पिल्लू मेलेलं किंवा अगदी अशक्त निघालं, तेव्हा. कधीकधी ती आपल्याला पेलतील तेवढीच पिल्लं ठेवते. तिला दुष्ट म्हणण्यात काही अर्थ नाही. आपल्या घरांत सोनेरी हॅम्स्टर आला तो ज्या घटनेमुळे, तिथेही हेच घडलं होतं. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळ एक बीळ खणायला लावलं. आत आई आणि ११ पिल्लं सापडली. ती पेटीत ठेवल्यावर आईने जवळ आलेल्या एका पिल्लाला मारलं. मग माणसांनी त्या आईला मारलं आणि उरलेली पिल्लं जेरुसलेमला नेली. जगभरच्या पाळीव सोनेरी हॅम्स्टरांपैकी बहुतेक त्या कुटुंबाची संतती आहेत. घरटं उघडलं, म्हणून पिल्लू गेलं. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी जे दिसलं तेच आज आपल्या दिवाणखान्यात घडतं.

पुष्कळदा तर आई खातही नसते. घाबरलेली मादी पिल्लाला तोंडात, गालात धरून दुसरीकडे नेते. बघणारा ओरडतो, पिंजरा हलवतो, आणि मग खरंच अनर्थ होतो. पहिले १४ दिवस पिंजरा साफ करू नये, पिल्लं मोजू नयेत, फोटोसाठी झाकण उघडू नये. पाणी आणि खाणं हळूच ठेवावं, एवढंच.

गोव्यात चतुर्थीला पिंजरा गाडीत घालून मूळ घरी न्यायची पद्धत आहे. व्यायलेली मादी असेल तर नेऊ नका. प्रवास, फटाके आणि भोवती जमलेली मुलं हे सगळं तिला एका दिवसात सोसवत नाही. शेजाऱ्याला किल्ली द्या आणि पिंजरा आहे तिथेच राहू द्या.

नराच्या बाबतीत सगळ्या जातींना एकच माप लावता येत नाही. सीरियन जातीत नर वेगळाच हवा. छोट्या कॅम्पबेल जातीत मात्र बाप जन्माच्या वेळी पिल्लांना बाहेर यायला मदत करतो, त्यांना चाटून स्वच्छ करतो, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तरीही छोट्या जातींची मादी व्यायच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून घरात नर बाजूला ठेवणंच शहाणपणाचं.

“भावंडांची जोडी तोडू नका”

अलेप्पोच्या त्या बिळांत एकेकच प्रौढ हॅम्स्टर होता. सीरियन पिल्लं चौथ्या-पाचव्या आठवड्यात नर-मादी वेगळी करावीत, कारण तेव्हाच ती प्रजननक्षम होऊ लागतात. सहा ते आठ आठवड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा, स्वतंत्र घरटं, स्वतंत्र साठा. एकाच घरट्यावरून आणि एकाच साठ्यावरून होणारी मारामारी रात्री होते, आणि सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडतं. एकटं हॅम्स्टर दिवसभर घरट्यात झोपतं ते दुःखाने नाही. दिवस ही त्याची झोपेची वेळ आहे. त्याला उठवून हातात घेऊ नका.

आता तो आजार. तीन ते दहा आठवड्यांच्या सीरियन पिल्लाची शेपटीखालची जागा ओली, चिकट दिसली, घाण वास आला, पिल्लू घरट्यात पाठ वर करून गोळा होऊन बसलं, साठ्याकडे फिरकेना, तर तो आतड्याचा जिवाणूजन्य आजार असू शकतो आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. घरटं बांधणं अचानक थांबलं तर लक्ष द्यावं. त्याच दिवशी लहान प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. निघण्याआधी फोन करून ते हॅम्स्टर तपासतात का विचारा, आणि पिल्लाला त्याच्या घरट्यातल्या मूठभर कोरड्या कागदासकट छोट्या डब्यात ठेवा.