सोलरच्या ७ नळ्या फुटल्या, सकाळी पाणी कोमट येतं: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार तीन गोष्टींची आहे. सारंगखेड्याची यात्रा आणि तोरणमाळ करून आठ दिवसांनी घरी आलात, दुपारी मोटर लावली आणि सोलर वॉटर हीटरच्या २० पैकी ७ काचेच्या नळ्या फुटल्या, म्हणजे माल हलका. एप्रिलमध्ये बसवलेला हीटर थंडी सुरू झाल्यापासून सकाळी कोमटच पाणी देतो. आणि ‘काच वॉरंटीत येत नाही’ एवढं सांगून आम्ही मोकळे झालो. तोरणमाळच्या गारठ्यातून लेकरांना घेऊन आल्यावर घरात गरम पाणी नसेल तर राग येणारच. मेकॅनिकने गच्चीवर काढलेले फोटो मी एकेक करून पाहिले, त्यावरून लिहितो.

आधी नळ्यांचं. नळी चांगली की हलकी, हे तिच्या बुडाशी कळतं. तिथे आरशासारखा चंदेरी लेप असतो. काचेच्या दोन थरांमधली निर्वात पोकळी गेली की तो दुधासारखा पांढरा पडतो. तुमच्या शाबूत १३ नळ्यांची बुडं चकचकीत आहेत. फुटलेल्या सातही नळ्यांना तडा वरच्या टोकाकडे, ड्रमपासून (नळ्यांच्या वर असलेल्या गरम पाण्याच्या टाकीपासून) हातभर अंतरात गेलाय. एका तुकड्यावर आतून क्षाराची पांढरी रेघ उमटलेली स्पष्ट दिसते. आपल्या बोअरचं पाणी जड, ते आटत जातं तशी रेघ मागे ठेवतं. म्हणजे मोटर लावली तेव्हा नळ्यांचा वरचा भाग कोरडा होता.

पाणी गेलं कुठे? हीटर बसवताना गच्चीवरच्या टाकीकडून ड्रमला येणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनवर आम्ही एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला होता. टाकी रिकामी झाली तरी ड्रममधलं पाणी उलटं जाऊ नये, हेच त्याचं काम. नंतर कोणीतरी एनआरव्ही आणि ड्रम यांच्या मधोमध टी (तीन तोंडांचा जोड) टाकून कुंड्यांसाठी नळ काढलाय, आणि तो नळ ठिबकतो. घर बंद, मोटर बंद, टाकी संपली. त्यानंतर त्या नळाने ड्रमच ओढला.

ड्रम रिकामा झाला तरी नळ्या लगेच कोरड्या पडत नाहीत, कारण त्या ड्रमच्या खाली असतात. ५८ बाय १८०० मिमीच्या एका नळीत सुमारे पावणेतीन लिटर पाणी राहतं. पण वर ड्रममध्ये फिरायला पाणी नसल्यामुळे ते तिथल्या तिथे उकळतं आणि मार्गशीर्षातल्या स्वच्छ उन्हात रोज साधारण अर्धा लिटर आटतं. आठ दिवसांत किती उतरलं असेल, तुम्हीच हिशोब करा. कोरडी काच उन्हात २०० अंशांच्या वर जाते. तिच्यावर भर दुपारी टाकीचं गार पाणी आलं की कोणत्याही कंपनीची नळी तडकते. उत्पादकाच्या वॉरंटी कार्डावर काच वगळलेली असते ती यामुळेच, आणि ते कार्ड मला बदलता येत नाही.

गावाला जाताना मेन कॉक बंद करायची सवय चांगलीच, ती सोडू नका. फक्त घरातल्या लाइनीचे कॉक बंद करा, सोलरला पाणी देणारा कॉक उघडाच ठेवा. टाकी भरून निघा. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा शेजाऱ्याला एकदा डोकवायला सांगितलेलं बरं. चार दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर नळ्यांवर ताडपत्री किंवा दुहेरी गोणपाट टाकून सुतळीने बांधा. ड्रममधल्या विजेच्या कॉइलचा एमसीबी (खटका) पाडा, रिकाम्या ड्रममध्ये कॉइल चालू राहिली तर जळते. आणि परत आल्यावर ड्रममध्ये पाणी आहे की नाही अशी शंका आली, तर मोटर त्या दिवशी लावूच नका. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी भरा, तोवर काच गार झालेली असते.

आता कोमट पाण्याचं. याला दोन कारणं दिसतात. एक सावलीचं. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे ऐन दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४५-४६ अंशांवर येतो, सकाळी तर त्याहून खूप खाली. एप्रिलमध्ये ज्या भिंतीची सावली पायाशीच राहायची, ती आता तिच्या उंचीइतकी लांब पडते. दहा वाजताच्या फोटोत तुमच्या जिन्याच्या खोलीची सावली सहा नळ्यांवर आहे. स्टँड पश्चिमेला सात-आठ फूट सरकवला की ती सुटेल.

दुसरं, संध्याकाळचा वापर. समजा २०० लिटर पाणी ५५ अंशांना तापलं. भांडी आणि हातपाय धुवायला ६० लिटर काढलं, की तेवढंच २० अंशांचं पाणी आत येतं आणि सगळं मिसळून ४४-४५ होतं. रात्रीत आणखी थोडं उतरतं. पाच जणांच्या आंघोळीला हे पुरत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. भांड्यांना थंड पाणी वापरा, किंवा पहाटे तासभर २ किलोवॅटची कॉइल लावा. २ युनिटमध्ये भरलेला ड्रम आठ-साडेआठ अंशांनी चढतो. खालच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप १८ मीटर आहे, त्यात साडेचार लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसतं. ते आधी वेगळ्या बादलीत काढा. त्या पाण्यावरून हीटरची पारख करू नका.

राहिला पैशाचा प्रश्न. सात नळ्या आणि त्यांच्या सिलिकॉन रिंगा आम्हाला पडलेल्या भावात देतो, बिल दाखवूनच. बसवायची, स्टँड सरकवायची मजुरी घेणार नाही. कुंड्यांचा नळ टाकीच्या बाजूला, एनआरव्हीच्या अलीकडे घ्यावा लागेल. तो तिथेच राहिला तर नव्या नळ्या बसवण्यात अर्थ नाही. माणूस पहाटे सहाला पाठवावा लागेल, कारण उजाडायच्या आत ड्रम भरायचा आहे. तुम्हाला सोयीचा दिवस दुकानावर कळवा, आणि आदल्या रात्री टाकी भरून ठेवा.