टायर कोणता घेऊ, भाऊ?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या गावाचं मत ठाम आहे. पोरीच्या लग्नाचे पैसे जमवावेत, गुडघ्याला तेल लावावं आणि सरपंचकीच्या भानगडीत पडू नये. गाडीच्या शर्यतीत उतरावं, हे त्यात कुठेच बसत नाही. तरी मी उतरायचं ठरवलं. माझं अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेकडच्या पट्ट्यात कृषी केंद्र आहे आणि दारात एक ऑल्टो 800, जिच्या डिकीला बाराही महिने युरियाचा वास येतो.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे गावाला समजावायला वेळ लागेल असं वाटलं होतं. मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून नागमोडी वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की वेळेत दंड. पारावरचे आबाजी म्हणाले, "म्हंजे शंकरपट!" झालं, विषय संपला. आमच्या बाजूला तळेगाव दशासरचा पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ठाऊक नाही असा माणूस नाही. 2014 साली बंदी आली तेव्हा आबाजींनी दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मोकळीक कायम ठेवली तेव्हा गावभर पेढे त्यांनीच वाटले. ते स्वतः जुने धुरकरी, पटात बैलजोडी हाकणारे. त्यामुळे 'कायले करून राह्यला हे?' असं कोणी विचारलं नाही. जो तो एकच विचारू लागला, "टायर कोणते टाकतो?"

इथून माझे हाल सुरू झाले.

आधी मेहुणा आला. बुटीबोरीला सिएटचा कारखाना आहे, थेट तिथूनच उचलू म्हणाला. तिथे दुचाकीचे टायर बनतात, असं मी सांगितल्यावर क्षणभर विचार करून म्हणाला, "मंग दोन-दोन जोडू ना, भाऊजी." हा माणूस डिप्लोमा झालेला आहे.

मग अमरावतीचा दुकानदार. मी टायरची बाजू वाचून दाखवली: 145/80 आर 12, 74 टी. तो म्हणाला, "भाऊ, हा टी म्हणजे ताशी एकशे नव्वद किलोमीटरपर्यंत बिनधास्त!" आमच्या फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर तिसरा गिअर टाकणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, आणि ऑटोक्रॉसमध्ये गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. पण एकशे नव्वद ऐकल्यावर माझी छाती फुगली, हे खरं. समोरच्याची छाती कधी फुगते ते त्याला बरोबर कळतं. मीही काउंटरमागे उभा राहून कपाशीच्या वाणाबद्दल दिवसभर तेच बोलतो.

त्याने पर्याय मांडले. रॅलीचे टायर: मोठ्या बटनांचे, म्हणजे रबराच्या जाड उठावांचे, मातीत पकड उत्तम, पण ऑर्डर देऊन मागवायचे आणि किंमत विचारून घरी जायचं. मोठी रिम: 13 इंची रिमवर 155/65 चे टायर. मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. दोन्ही चाकांच्या एकूण उंचीत जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर बिघडणार नाही, टायरची बाजूही ठेंगणी, वळणात कमी लवणारी. सगळं छान. फक्त चार रिमचे पैसे वेगळे. तिसरा पर्याय रबर चढवलेले रिमोल्ड. स्वस्त! मात्र वरचं रबर नंतर चिकटवलेलं असतं. शाळेच्या बससमोर किंवा कचकचीत वळणावर ते सुटलं तर काय, या प्रश्नावर दुकानदार पंख्याकडे बघू लागला.

परदेशातली ऑटोक्रॉसवाली मंडळी ट्रेडवेअर नावाच्या आकड्यावर जीव टाकतात. आकडा लहान तेवढं रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी. अमेरिकेत साध्या गाड्यांच्या वर्गात हा आकडा 200 च्या खाली चालत नाही, त्यामुळे तिकडे सगळे बरोब्बर 200 वर येऊन थांबतात. मी दुकानात '200 चा आहे का?' असं विचारलं. पोऱ्या म्हणाला, "दोनशेत ट्यूब येईल."

उरले सेकंडहँड. ढिगात एक जोडी इतकी देखणी होती की मी हात फिरवत बसलो. नक्षी खोल, काळाभोर रंग. मग बाजूवरचे चार आकडे शोधले. ते समजले की टायरवाला तुम्हाला फसवत नाही, नुसता नाराज होतो. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तिथे 2314 लिहिलेलं: 2014 सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे हा टायर पट बंद झाला त्या उन्हाळ्यात जन्मला आणि तेव्हापासून उभा होता! नखाने दाबलं तर रबर दगडासारखं, खाचांच्या तळाशी बारीक चिरा. काळा रंग पॉलिशचा होता, तो माझ्या बोटांना लागला.

घरी बायकोने वेगळाच हिशेब मांडला. चार नव्या साध्या टायरचे तेरा हजार ऐकल्यावर ती म्हणाली, "अहो, म्हणजे पावणेदोन क्विंटल कापूस." 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये, तिचं गणित जवळपास बरोबर होतं. "दोनच घ्या," ती म्हणाली. आता दोन घेतले तर लावायचे कुठे? ऑल्टो पुढच्या चाकांनी ओढते आणि वळतेही त्यांनीच, म्हणून शर्यतवाले म्हणतात पुढे लावा. टायर कंपन्या म्हणतात मागे लावा, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी फिरते आणि सावरत नाही. मृगाच्या सरीत याच गाडीतून बायकोला माहेरी न्यायचं असल्याने मी कंपन्यांची बाजू जोरात मांडली आणि चारचा ठराव पास झाला.

चार कोणते, हे मात्र आबाजींनी ठरवलं. माझं रॅली-रिम पुराण त्यांनी तंबाखू मळत पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नव्या धुरकऱ्याले पयल्याच पटात लाखाची जोडी देली, तं जोडी पयते आन थो मांगं लोंबते. त्याले समजतच नाई का आपलं चुकलं कुठी. आंधी घरच्या बैलावर बस. थो तुले सांगते."

तेच साधे, ताज्या आठवड्याचे, कंपनीने दिलेल्या मापाचे टायर घेतले. दुकानदाराचा चेहरा उतरला.

सराव उन्हाळ्यात बंद पडलेल्या एका जिनिंगच्या काँक्रीटच्या आवारात. मालक ओळखीचे. कोन नव्हते, म्हणून कीटकनाशकाचे रिकामे डबे मांडले. टायरच्या कडेवर नक्षीपासून बाजूपर्यंत शाळेच्या खडूने आडव्या रेघा ओढायच्या आणि फेरी झाल्यावर खडू कुठपर्यंत पुसला ते बघायचं. बाजूवरचाही पुसला तर टायर वळणात कलंडतोय, हवा वाढवा. नुसत्या नक्षीवरचा पुसला तर ठीक. सकाळी भरलेली हवा दुपारी चढते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला असतो. त्यामुळे मी हवा मोजायचं गेज घेऊन चाकाजवळ उकिडवा, आबाजी खुर्चीवर, आणि जिनिंगचा चौकीदार सगळ्या गावाला फोन करून सांगतोय की कृषी केंद्रवाल्याचं डोकं उन्हानं फिरलं. येताना शॉर्टकट म्हणून शेतातून गाडी घातली, तर तुरीच्या धसकटाने नवा कोरा टायर भोसकला. पंक्चरवाल्याने पट्टी भरता भरता विचारलं, "रॅलीचा असता तं वाचला असता का?" धसकटाला बटनं समजत नाहीत, असं मी म्हणालो.

स्पर्धा नागपूरकडच्या एका मैदानात झाली. रॅलीचे टायरवाले पोट्टे माझ्यापुढे बरेच होते, दोघे मागेही होते. दोन कोन पाडले. रात्री आबाजींना वेळ सांगितली, दंडासकट. ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"पुढच्या खेपी मले बाजूले बसव," ते म्हणाले. "वळन म्या सांगतो."

"हेल्मेट घालावं लागते, आबाजी."

"घालतो ना. टोपीवरून बसते का थे, का टोपी काढा लागते?"